आधी मोजा, मग बोर्ड बदला

सोलापुरात उन्हाळ्यात कुठलीही वस्तू बिघडली की निकाल आधीच लागलेला असतो. "ऊन लागलं!" माणसाला लागतं, इन्व्हर्टरला लागतं, पंपाला लागतं आणि फ्रिजला तर लागतंच लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ च्या आसपास मुक्काम ठोकणाऱ्या गावात हे अगदीच खोटं आहे असं म्हणता येत नाही. म्हणूनच तर ते कारण इतकं सोयीचं आहे. एकदा ऊन लागलं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. ज्याला विचारायचं तो फ्रिजचं मागचं झाकण उघडतो, आत डोकावतो, मान हलवतो आणि म्हणतो, "बोर्ड गेलाय साहेब."

माझं म्हणणं असं आहे की मोजल्याशिवाय "बोर्ड गेलाय" हे वाक्य उच्चारायला बंदी असावी. हसू नका, मी गंभीरपणे सांगतोय. आणि हेही लगेच सांगतो, की या बाबतीत सगळा दोष मेकॅनिक लोकांच्या माथी मारायला मी बसलेलो नाही. त्यात आपलाही वाटा आहे, आणि बराच मोठा आहे. त्यावर येतोच.

गेल्या एप्रिलात आमच्या फ्रिजने उलटाच उद्योग सुरू केला. सगळ्या गावाचे फ्रिज "गार होत नाही" म्हणून रडत होते आणि आमचा फ्रिज गोठवत होता. खालच्या कप्प्यातली कोथिंबीर काळी, काकडी काचेसारखी, टोमॅटो दगड. दह्याच्या पातेल्यात चमचा घातला तर खडखड वाजायला लागलं. "हे दही खायचं की चाटायचं?" असं आईने विचारलं तेव्हा सगळे हसलो. शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "होय की, मग आमच्याकडं पाठवून द्या की तुमचा फ्रिज!" सोलापूरच्या एप्रिलात फ्रिज जास्त गार होतो ही तक्रार म्हणजे आमच्याकडे पाऊस फार पडतो अशी तक्रार केल्यासारखं आहे. कोण ऐकून घेणार?

पण फ्रिजमध्ये दह्याशेजारी आणखी एक वस्तू होती. आईचं इन्सुलिन.

आई ७४ वर्षांची आहे आणि बरीच वर्षं दिवसातून दोनदा इंजेक्शन घेते. स्टीलच्या छोट्या डब्यात, मधल्या फळीवर, एक चालू बाटली आणि एक शिल्लक, अशी आमच्याकडची पद्धत. इन्सुलिनची न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि ती कधीही गोठता कामा नये, हे खोक्यावरच छापलेलं असतं. आपण सगळे "फ्रिजमध्ये ठेवा" एवढं वाचतो. गोठलेलं इन्सुलिन वितळलं की पुष्कळदा दिसायला पहिल्यासारखंच दिसतं, पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, ते टाकूनच द्यायचं असतं. त्या तीन आठवड्यांत आईची उपाशीपोटीची साखर चढत गेली. पथ्य तेच, वेळा त्याच, भाकरीसुद्धा मोजून तेवढीच. डॉक्टरांनी दोनदा मात्रा वाढवली. कुणाच्याही डोक्यात फ्रिज आला नाही, आणि यायचं कारणही नव्हतं, कारण फ्रिजच्या दारावर छान निळ्या आकड्यात ४ दिसत होतं.

शेवटी एका सकाळी बाटलीतच बर्फाचा खडा दिसला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दोन्ही बाटल्या फेकून द्या, नवीन आणा, आणि नव्या बाटलीने मात्रा पहिल्यासारखी, वाढवलेली नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला घाम फुटला. निकामी इन्सुलिनच्या हिशोबाने वाढवलेली मात्रा चांगल्या इन्सुलिनची दिली असती तर ७४ वर्षांच्या बाईची साखर रात्री कुठवर उतरली असती याचा विचार करून बघा. त्या दिवसापासून फ्रिजची तक्रार ही दह्याची तक्रार राहिली नाही.

आता थोडं माझ्या धंद्याविषयी, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. सोलापूरची चादर आणि टॉवेल सगळ्यांना माहीत आहेत, पण त्या टॉवेलचा रंग एकसारखा यावा म्हणून रंगखात्यात तापमानाची किती चाकरी करावी लागते ते फारसं कुणाला माहीत नसतं. तिथे आमचे सेन्सर प्लॅटिनमचे असतात, पीटी-१०० नावाचे. शून्य अंशाला बरोबर १०० ओहम, शंभर अंशाला साडेअडतीस ओहम जास्त. दर काही महिन्यांनी आम्ही ते काढतो, बर्फाच्या पाण्यात बुडवतो आणि १०० येतात का बघतो. आले तर परत लावतो. नाही आले तर सेन्सर बाद. कंट्रोलरला कुणी हातसुद्धा लावत नाही, कारण शंभरातल्या पुष्कळशा तक्रारींत कंट्रोलर बिचारा जे सांगितलं ते इमानाने करत असतो. सांगणाराच चुकीचं सांगत असतो.

घरच्या फ्रिजमध्ये प्लॅटिनम नसतं, परवडणारही नाही. तिथे असतो थर्मिस्टर. हरभऱ्याएवढा किंवा त्याहून लहान मणी, वरून प्लॅस्टिकची टोपी, मागे दोन बारीक वायरी. गंमत म्हणजे याचा स्वभाव धातूच्या उलटा. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, याचा कमी होतो. असला उलटा स्वभाव मायकेल फॅरेडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. विजेवर काम करणाऱ्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल देव जाणे! हा मणी गार झाला की रोध वाढतो, फ्रिजचं बोर्ड तो रोध वाचतं आणि "आता चार अंश झाले, कंप्रेसर बंद" असं ठरवतं. सगळं राज्य त्या मण्याच्या शब्दावर.

जुन्या फ्रिजमध्ये हे नव्हतं. आमच्या आधीच्या फ्रिजमध्ये गोल बटण होतं, १ ते ७ आकड्यांचं. त्याच्या मागे एक बारीक तांब्याची नळी, तिच्यात वायू भरलेला. वायू आकुंचन-प्रसरण पावला की धौंकणीसारखी एक डबी हलायची आणि स्विच टक्कन वाजायचा. तो टक्क आवाज घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. बिघडला तर आवाज बंद व्हायचा, म्हणजे बिघाड कानाला कळायचा. मला जुनं ते सोनं वगैरे म्हणायचं नाही. तो फ्रिज आठवड्याला बर्फाची गुहा करायचा आणि रविवारी ती फोडायचं काम माझ्याकडे असायचं. पण नवीन फ्रिज बिघडला की गप्प बसून बिघडतो हे खरं.

तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला. (कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारू नका. आणि या बाबतीत सगळ्या एका माळेचे मणी आहेत असं माझ्या ओळखीच्या मेकॅनिक लोकांचं मत.) मुलगा चांगला होता, बोलायला नम्र, पायातले बूट बाहेर काढून आत आला. दहा मिनिटांत म्हणाला, "काका, ऊन लागून बोर्ड गेलाय." बोर्डाचे ७,४०० रुपये, वर त्याची मजुरी. फ्रिज सहा वर्षांचा. वॉरंटी फक्त कंप्रेसरवर, ती मात्र दहा वर्षांची. म्हणजे जी वस्तू बिघडत नाही तिला दहा वर्षं आणि जी बिघडते तिला एक!

मी म्हटलं, "बोर्ड बदलू, पण आधी सेन्सर मोजू." त्याने कुरकुर केली नाही. फ्रिज बंद केला, प्लग काढला, आतल्या जाळीमागचा सेन्सर सोडवून बाहेर टेबलावर ठेवला. मोबाइलमधला तक्ता काढला, किती अंशाला किती किलोओहम. पंधरा मिनिटांनी मल्टिमीटर लावला. हॉलमध्ये तेव्हा ४० अंश होते. तक्त्याप्रमाणे ५.८ यायला हवे होते, आले ५.५. "बघा काका, जवळजवळ बरोबर आहे. सेन्सर ओके. बोर्डच आहे."

इथे जरा थांबा, कारण सगळी गोम इथे आहे.

फ्रिजमधल्या सेन्सरला नेहमी होणारा आजार म्हणजे त्याच्यात ओल शिरणे. रोज गार, परत थोडा गरम, परत गार. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत, तिचं पाणी मण्याच्या टोपीवर. वर्षानुवर्षं हे चाललं की टोपीत बारीक चीर जाते आणि पाणी आत मुरतं. मग दोन वायरींच्या मध्ये ओलीतून एक चोरवाट तयार होते. वीज थोडी मण्यातून जाते, थोडी या चोरवाटेने. म्हणजे एकूण रोध असायला हवा त्यापेक्षा कमी दिसतो. कमी रोध म्हणजे जास्त उष्णता, अशी बोर्डाची समजूत. आत शून्य अंश असतात, बोर्डाला सहा वाटतात, ते कंप्रेसर चालू ठेवतं.

आता हिशोब बघा. समजा ही चोरवाट ९० किलोओहमची आहे. सेन्सर उन्हाळ्यात बाहेर टेबलावर ४० अंशांत असताना त्याचा स्वतःचा रोध ५.८, म्हणजे चोरवाटेच्या मानाने फारच लहान. वीज सरळ रस्त्यानेच जाणार, चोरवाटेने अगदी थोडी. एकूण दिसणार ५.५ च्या आसपास. अंशांत फरक दोनाच्या आतबाहेर, डोळ्यांत न भरणारा. तोच सेन्सर बर्फात ठेवला की त्याचा स्वतःचा रोध २७ च्या पुढे जातो. आता चोरवाट तेवढी लांबची राहिली नाही, बरीच वीज तिकडून पळते आणि मीटरवर दिसतात २१. तक्त्यात २१ म्हणजे सुमारे सहा अंश! एकच सेन्सर, एकच ओल. सोलापूरच्या हॉलमध्ये जवळपास साळसूद, फ्रिजच्या आत अट्टल लबाड.

म्हणून त्या मुलाने केलं ते खोटं नव्हतं. त्याने मोजलं होतं, मीटरही बरोबर होता. पण फ्रिजचा सेन्सर फ्रिजच्या तापमानाला मोजायला हवा हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. आपल्या गावात तर तो चुकीच्या जागी मोजण्याचा मोह जास्तच. पुढे आणखी एक गंमत आहे. असा ओला सेन्सर दोन तास गच्चीवर उन्हात ठेवला तर वाळून काही दिवस बरोबर दाखवतो. मग बोर्ड बदलल्यावर फ्रिज सुधारतो, कारण बोर्ड बदलण्याच्या खटपटीत सेन्सर बाहेर पडून वाळलेला असतो. आठवड्याभराने तेच रडगाणं परत. तोवर बोर्डाचे पैसे गेलेले.

त्या मुलाला व्हिजिटचे पैसे दिले, चहा दिला, आणि तो तक्ता वहीत उतरवून घेतला. तो ग्राहकाला दाखवायचा असतो की नाही हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. "कुणाला सांगू नका," म्हणाला. चार अंशाला किती ओहम हे गुपित आहे असं मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं :-)

रविवारी मी बसलो. आधी एक साधी गोष्ट शनिवारी रात्रीच करून ठेवली होती. काचेच्या पेल्यात पाणी, त्यात प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर, पेला मधल्या फळीवर. पाण्यात का? कारण फ्रिजमधली हवा दार उघडलं की लगेच बदलते, पाणी बदलत नाही. ते रात्रभराची सरासरी धरून बसतं. सकाळी पेल्यावर बर्फाची साय आली होती आणि थर्मामीटर शून्यावर. दारावर निळा ४ तसाच. हा निळा आकडा पुष्कळ फ्रिजमध्ये आपण मागितलेल्या तापमानाचा असतो, आत असलेल्या तापमानाचा नसतो, एवढं जरी या लेखातून कुणी घेतलं तरी माझं काम झालं. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी तर तो पेला आज रात्रीच ठेवावा.

मग बर्फाचं पाणी. याला काही लागत नाही. बर्फ कुटून बारीक करायचा, पातेल्यात भरायचा, फटी भरतील एवढंच गार पाणी घालायचं आणि ढवळायचं. बर्फ तरंगत राहील एवढं पाणी नको. बर्फ पाण्यात नव्हे, पाणी बर्फात असायला हवं. हे मिश्रण शून्य अंशाला उभं राहतं आणि बर्फ शिल्लक असेतो हलत नाही. बाहेर ४३ असोत नाहीतर २३. असा हुकमी आकडा घरात दुसरा मिळत नाही. सेल्सियसने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी केली तीसुद्धा याच बर्फावर आणि उकळत्या पाण्यावर. फक्त त्या गृहस्थाने उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० म्हटलं होतं, नंतर लोकांनी ते उलटं केलं. म्हणजे त्याच्या पट्टीवर सोलापूर ५७ अंशांवर असतं. ऐकायलाही बरं वाटतं का बघा!

फ्रीझरमधला सेन्सरही काढला. आमच्या फ्रिजमध्ये तक्त्याप्रमाणे दोन्ही एकाच जातीचे आहेत, त्यामुळे एकमेकांवर साक्ष देता येते. दोन्ही सेन्सर एका पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फात खुपसले, वायरी वर. दहा मिनिटं. फ्रीझरवाला २७.२. फ्रिजवाला २१.१, आणि तोही स्थिर नाही, २०.८, २१.३ असा थरथरत. आई बाजूला बसून शेंगा सोलत होती. "काय करूलालास रे बर्फात वायरी घालून?" म्हणाली. मी म्हटलं, "कोण खोटं बोलतंय ते बघतोय."

नवीन सेन्सर गावातल्या एका मेकॅनिककडे मिळाला, ३५० रुपये. त्यांना ३०० मजुरी. फ्रिज सुधारला, पेल्यातला थर्मामीटर चारावर आला, कोथिंबीर हिरवी राहिली. असो, हा काही पराक्रम नाही. मला जे सांगायचंय ते पुढेच आहे.

पहिलं म्हणजे बोर्डाविषयी. बोर्डाला सेन्सरचे दोनच बिघाड कळतात. वायर तुटली, किंवा दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. तेव्हाच एरर कोड दिसतो. या दोहोंच्या मधलं सगळं त्याला खरंच वाटतं. पण कंप्रेसर तासन् तास थांबत नाही, फ्रीझर उणे वीसच्या खाली चाललाय आणि खालचा सेन्सर म्हणतोय सहाच अंश झाले, यात काहीतरी विसंगत आहे हे आमच्या कारखान्यातल्या नवशिक्या हेल्परलाही कळतं. बोर्डाला ते ओळखायला शिकवणं अशक्य नाही. फ्रिजच्या दारावर हवामान दाखवायला, आवाज करायला, मोबाइलला जोडायला पैसे आहेत, मग एवढ्या साध्या शहाणपणाला का नाहीत?

दुसरं, तो तक्ता. फ्रिजच्या आत स्टिकर असतो. त्यावर क्लायमेट क्लास असतो, आपल्याकडे तिथे टी असायला हवा. टी म्हणजे ट्रॉपिकल, १६ ते ४३ अंश बाहेरच्या हवेपर्यंत. (एन असेल तर ३२ पर्यंतच, एसटी असेल तर ३८. नवीन घेताना जरूर बघा. ४४ च्या दुपारी टी सुद्धा काठावरच असतो, हे त्या "ऊन लागलं" वाल्यांच्या बाजूने मी प्रामाणिकपणे सांगून टाकतो.) २०१० पासून फ्रॉस्ट फ्री फ्रिजवर वीजबचतीचे तारे लावणंही सक्तीचं आहे. एवढं सगळं चिकटवता, तर शून्य अंशाला सेन्सर किती ओहमचा हे एका ओळीत छापायला काय हरकत? युरोपात २०२१ पासून लागू झालेल्या नियमात फ्रिजचे थर्मोस्टॅट, तापमानाचे सेन्सर, बोर्ड आणि दिवे हे मॉडेल बाजारातून गेल्यावरही निदान सात वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना मिळालेच पाहिजेत असं नाव घेऊन लिहिलंय. सेन्सर असा वेगळा शब्द आहे तिथे. आपल्याकडे ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण पोर्टलवर मॅन्युअल देणं निराळं आणि भाग सुटा मिळायलाच हवा अशी सक्ती निराळी. आमच्याकडे आलेल्या मुलाच्या यादीत बोर्ड होतं, सुटा सेन्सर नव्हताच! मग तो दुसरं काय सुचवणार?

आणि तिसरं, जे कुणाला आवडणार नाही. आपण निदानाचे पैसे देत नाही. मेकॅनिक दीड तास बसून, बर्फ कुटून, दोन सेन्सर मोजून म्हणाला, "तुमचा फ्रिज ठीक आहे, दाराचं रबर तेवढं धुवा," आणि ५०० रुपये मागितले, तर आपण काय म्हणू? "केलं काय तुम्ही? एक पार्टसुद्धा टाकला नाही!" माझ्या एका मामांनी हे वाक्य माझ्यासमोर म्हटलेलं आहे (मामा, वाचत असाल तर राग नसावा). डॉक्टरांनी तपासून "काही नाही, पाणी भरपूर प्या" म्हटलं तर आपण मुकाट्याने फी देतो, वर बरंही वाटतं. मेकॅनिकने तेच केलं तर तो लुबाडतो. मग तो बिचारा पार्ट टाकायला शिकतो. पार्ट दाखवता येतो, जुना हातात देता येतो, त्याची पावती होते. मोजणं दाखवता येत नाही. आमच्याकडे सेन्सर बसवणाऱ्या मेकॅनिकनी ३०० मागितले ते बसवण्याचे. मी मोजून आलो होतो म्हणून. न मोजता गेलो असतो आणि त्यांनी मोजलं असतं, तर त्या मोजण्याचे वेगळे ३०० द्यायला हवे होते, आणि ते मागायची त्यांची हिंमत झाली नसती.

पुण्याचा माझा मेहुणा म्हणतो, भाऊजी, तुमचा रविवार फुकट गेला त्याची किंमत धरा, सात हजारांत बोर्ड बदलून मोकळं व्हायचं. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. प्रत्येकाला मल्टिमीटर धरता येत नाही आणि यावा असंही नाही. पण या हिशोबात एक भोक आहे. बोर्ड बदलून तो फ्रिज दुरुस्त झालाच नसता. आठवडाभर बरा दिसला असता, आणि त्या आठवड्यात आम्ही निर्धास्तपणे इन्सुलिनच्या नव्या बाटल्या आत ठेवल्या असत्या.

उद्योग करणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. प्लग काढल्याशिवाय काही उघडायचं नाही. बोर्डावर मुख्य वीज असते आणि कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेला राहतो. मागच्या तांब्याच्या नळ्यांना हात नको. हल्लीच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, आर-६००ए, म्हणजे गॅसच्या सिलिंडरचा चुलतभाऊ. पेट घेतो. फ्रीझरमधला बर्फ सुरीने टोकरायचा नाही, त्याच कारणाने. सेन्सर सगळीकडे एकाच जातीचे नसतात. काहींत २५ अंशाला १० किलोओहम, काहींत ५, आणखीही निरनिराळे, त्यामुळे माझे आकडे तुमच्या फ्रिजला लावू नका, तुमच्या मॉडेलचा तक्ता मिळवा. आणि नवीन सेन्सर वायर कापून जोडावा लागला तर जोड नुसत्या टेपने गुंडाळू नका. सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवा, आत गोंद असलेली. नाहीतर ओल त्या जोडातून शिरेल आणि वर्षभरात परत बर्फ कुटायला बसावं लागेल.

आईचं इन्सुलिन सध्या मधल्या फळीवरच आहे, मागच्या भिंतीपासून लांब, पुढच्या बाजूला. शेजारी पेला आणि थर्मामीटर. ती रोज सकाळी इंजेक्शनच्या आधी आकडा बघते आणि कॅलेंडरवर दुधाच्या खुणेखाली लिहून ठेवते. असे दोन थर्मामीटर आणखी आणलेत. एक पंढरपूरच्या मावशीला पाठवतोय, दुसरा ज्याला हवा त्याने कळवा.